लर्निंगची परीक्षा आणि उसाच्या दिवसांतला कोरेगाव-सातारा रस्ता

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला नुकतीच अठरा पूर्ण झाली. कोरेगावहून साताऱ्याला कॉलेजला स्कूटरवर जायचंय, सुट्टीत कारही शिकायचीय. लर्निंगच्या परीक्षेची तयारी कशी करायची, उसाचा हंगाम सुरू असताना या रस्त्यावर कोणती काळजी घ्यायची, आणि सोळा वर्षांच्या धाकट्या मुलाचंही त्याच फेरीत उरकता येईल का?

आधी अर्जाचं बघू, कारण परीक्षेपेक्षा जास्त लोक तिथंच अडकतात. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आधारद्वारे अर्ज केला तर लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. आधार न वापरता अर्ज केला तर परीक्षेला आरटीओत जावं लागतं. घरून द्यायची तर आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. अठरा वर्षांच्या मुलांची नेहमीची अडचण फोटोची. आधार लहानपणी काढलेलं असतं, पंधराव्या वर्षीचं बायोमेट्रिक अपडेट राहून गेलेलं असतं, आणि परीक्षेच्या वेळी कॅमेऱ्यातला चेहरा आधारवरच्या चेहऱ्याशी जुळत नाही. त्यामुळे आधी आधार केंद्रावर जाऊन फोटो आणि बोटांचे ठसे अपडेट करून घ्या, मगच अर्ज भरा. परीक्षा देताना उजेड चेहऱ्यावर पडेल असं बसायचं, पाठीमागे खिडकी नको, आणि मागे कुणी डोकावायला नको.

शुल्क वाहनाच्या प्रत्येक प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. स्कूटर आणि कार दोन्ही एकाच अर्जात घ्या, म्हणजे ३५० रुपयांत काम होतं. एजंटला यापेक्षा जे जास्त द्याल ते अर्ज भरून देण्याचे. इथं एक सल्ला. दुचाकीसाठी 'गिअर नसलेली' हा प्रकार निवडण्याआधी थांबा. गिअरच्या दुचाकीचं लायसन्स असलेल्याला गिअर नसलेली गाडी चालवता येते, उलट चालत नाही. घरात मोटरसायकल असेल तर गिअरचा प्रकार निवडलेला बरा. मात्र पक्क्या लायसन्सच्या चाचणीला गिअरचीच गाडी न्यावी लागेल, म्हणजे तिला ती चालवता यायला हवी.

आता परीक्षा. नियमाप्रमाणे ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. पंधरा प्रश्न असतील तर नऊ. प्रत्येक प्रश्नाला ठरावीक सेकंद मिळतात, वेळ संपली की प्रश्न गेला. भाषा मराठी निवडता येते, पण ती सरकारी मराठी असते. 'अग्रक्रम', 'मार्गिका', 'पदपथ' असले शब्द घाईत वाचताना माणूस अडखळतो, म्हणून सराव मराठीतूनच करा. इंग्रजी ॲपवर सराव आणि मराठीत परीक्षा, हे नको.

मोटार वाहन नियमांतच या परीक्षेचे विषय ठरलेले आहेत: चिन्हं, सिग्नल आणि रस्त्याचे नियम, अपघातात कुणी जखमी झालं किंवा कुणाचं नुकसान झालं तर चालकाची कर्तव्यं, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग, आणि गाडीत बाळगायची कागदपत्रं. निम्म्याहून जास्त तयारी चिन्हांवर करा. आकार ओळखला की अर्धं उत्तर हातात येतं. लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई, निळं वर्तुळ म्हणजे 'हे करायलाच हवं', त्रिकोण म्हणजे पुढचा धोका, निळा आयत म्हणजे माहिती. आठ कोनांचं चिन्ह एकच, थांबा. उलटा त्रिकोणही एकच, दुसऱ्याला वाट द्या.

चुका होतात त्या जोडीच्या चिन्हांत. निळ्या वर्तुळावर एक तिरकी लाल रेघ असेल तर पार्किंग मना, म्हणजे माणूस उतरवण्यापुरतं थांबलं तर चालतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाच मनाई. रेल्वे क्रॉसिंगच्या त्रिकोणात फाटकाचं चित्र असेल तर तिथं राखणदार आहे, इंजिनाचं चित्र असेल तर नाही. पुढं रस्ता अरुंद आणि पुढं पूल अरुंद, ही दोन चित्रंही समोरासमोर ठेवून बघा. हॉर्नचं चित्र निळ्या वर्तुळात असेल तर हॉर्न वाजवायचा, लाल वर्तुळात कापलेलं असेल तर वाजवायचा नाही. लुकलुकणारा लाल दिवा म्हणजे पूर्ण थांबून, बघून, मग पुढं. लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी करून सावधपणे पुढं.

राखणदार नसलेल्या क्रॉसिंगचं उत्तर पाठच करा. गाडी थांबवायची, बरोबर कंडक्टर किंवा मदतनीस असेल तर त्यानं, नसेल तर चालकानं स्वतः उतरून दोन्ही बाजूंनी रेल्वे येत नाही हे बघायचं, मगच ओलांडायचं. ब्रॉडगेजवरची (रुंद रुळांच्या मार्गावरची) राखणदार नसलेली सगळी क्रॉसिंग रेल्वेनं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली, त्यामुळे कोरेगाववरून जाणाऱ्या पुणे-मिरज मार्गावर असं क्रॉसिंग आता भेटणार नाही. प्रश्न मात्र परीक्षेत भेटतो.

हाताच्या इशाऱ्यांना मुलं हसतात, पण इंडिकेटरची तार तुटली की तेच उरतात. सगळे इशारे उजव्या हातानं. उजवीकडे वळायचं तर हात आडवा बाहेर, तळवा पुढं. डावीकडे वळायचं तर हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा. वेग कमी करतोय हे सांगायला तळवा जमिनीकडे करून हात वर-खाली. मागच्याला पुढं जा म्हणायचं तर हात पुढं-मागं झुलवायचा.

घाटाचाही एक प्रश्न हमखास असतो. अरुंद चढावर समोरासमोर दोन गाड्या आल्या तर वाट कुणाला? चढणाऱ्याला. उतरणाऱ्यानं कडेला थांबायचं. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा उचलताना मागे सरकू शकतो, म्हणून हा नियम. यवतेश्वर, पसरणी, केळघर या घाटांत सुट्टीच्या दिवशी होणाऱ्या कोंडीत उतरणाऱ्यानं नाक पुढं घातल्याचा वाटा मोठा असतो.

परीक्षा पास झाली की लर्निंग सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. पालक इथं एक गोष्ट विसरतात. लर्निंग हे शिकण्यासाठी आहे, कॉलेजला एकटं जाण्यासाठी नाही. कारमध्ये शेजारी पक्कं लायसन्स असलेला, वेळ पडली तर गाडी थांबवू शकेल असा माणूस हवा. दुचाकीवर मागे बसवायचं तर शिकवणारा लायसन्सधारकच, मैत्रीण नाही. गाडीला पुढं आणि मागं पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लागतो. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. चिकटपट्टीनं केलेला वेडावाकडा एल या मापात क्वचितच बसतो. स्टेशनरीच्या दुकानात तयार स्टिकर मिळतं, पण माप बघून घ्या.

या तीस दिवसांत स्कूटरवर काय शिकायचं? सगळ्यात आधी ब्रेक. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एकत्रित ब्रेक सक्तीचे आहेत, म्हणजे डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. त्यामुळे मुलींना डाव्याच हाताची सवय लागते. पण गाडी थांबवण्याचा मोठा जोर पुढच्या चाकाकडे असतो. मोकळ्या मैदानात ३०च्या वेगावर दोन्ही लिव्हर एकत्र, आधी हलके आणि मग वाढवत दाबायचे, असा सराव करून घ्या. पहिल्या दिवशी आणि आठवड्यानं थांबण्याचं अंतर पावलांनी मोजा, फरक दिसेल. हँडल वळलेलं असताना, वाळूवर किंवा शेणाकाल्यावर पुढचा ब्रेक करकचून दाबला की गाडी आडवी पडते, हेही तिथंच सांगून ठेवा.

उतारावर गिअर नसलेल्या स्कूटरचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवायला हवं. वेग कमी असताना थ्रॉटल (उजव्या मुठीतला ॲक्सिलरेटर) पूर्ण सोडला की तिचा क्लच सुटतो आणि इंजिन गाडीला धरत नाही. मोटरसायकल दुसऱ्या गिअरमध्ये जशी आवरली जाते तशी ही आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. यवतेश्वराचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरला तर तो तापतो, लिव्हर दाबूनही गाडी थांबेनाशी होते आणि जळका वास येतो. म्हणून दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. वास आलाच तर कडेला थांबून दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका. कारमध्ये ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे अजून आहेत. इंजिन बंद झालं की चार-दोन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड होतं.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं हवं, हे सगळे सांगतात. त्याच्या खाली काय असतं हे कुणी बघत नाही. आपल्याकडे मुली धुळीसाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्याची गाठ डोक्यामागे येते आणि हेल्मेट त्या गाठीवर टेकून बसतं. पट्टा लावलेला असतो, पण हेल्मेट हातानं पुढं ढकललं की कपाळावर घसरतं. पडताना ते डोक्यावर राहीलच असं नाही. सुती पातळ स्कार्फ, गाठ न मारता दोन्ही टोकं कॉलरच्या आत खोचलेली, त्यावर हेल्मेट, आणि पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील इतकाच सैलपणा. ओढणीची टोकंही मोकळी सोडायची नाहीत. मोटरसायकलवर मागे बसलेल्यांच्या ओढण्या आणि पदर चाकात जातात ते याच कारणानं.

आता उसाचा हंगाम, कारण खरी भीती त्याचीच आहे. हंगाम साधारण नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो आणि मार्चपर्यंत रस्त्यावर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या असतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी आणि मागे ऊस बाहेर आलेला असतो. मागचा दिवा असला तरी तो उसाच्या वाढ्यांत, म्हणजे हिरव्या शेंड्यांत, झाकला जातो. ट्रॅक्टरचा वेग वीसच्या आसपास. रात्री दुरून ती ट्रॉली दिसत नाही, रस्त्याचा एक तुकडा जास्त काळा वाटतो, एवढंच.

इथं हिशोब मांडून बघा. स्कूटरचा खालचा दिवा ढोबळमानानं ४०-४५ मीटरपर्यंत कामाचा उजेड देतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून बोटं ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर पुढं थांबायला अजून २० मीटर. एकूण ४५. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरच गाडी ट्रॉलीला टेकून थांबणार. तोच वेग ४० ठेवला तर १७ अधिक ९, २६ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर थांबण्याचं अंतर दुपटीच्या जवळ जातं. रस्ता मोकळा असला तरी अंधार पडल्यावर तिनं चाळिशीच्या वर जाऊ नये, असं मी या हिशोबावरूनच म्हणतो. हिवाळ्यात साडेसहालाच काळोख होतो, त्यामुळे कॉलेजहून निघण्याची वेळही तशी ठरवा.

समोरच्यानं डिपर दिला नाही, म्हणजे दिवा खाली केला नाही, आणि डोळे दिपले तर त्याच्या दिव्याकडे बघायचं नाही. नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची, वेग उतरवायचा. आपणही अप्पर (वरचा दिवा) मारून उट्टं काढायचं नाही, नाहीतर दोघंही आंधळे होतात. तो निघून गेल्यावरही डोळ्यांना सावरायला काही सेकंद लागतात, आणि त्याच काळोख्या पट्ट्यात पुढची ट्रॉली असू शकते.

दिवसा ओव्हरटेकचा प्रश्न. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर पंधरा मीटरच्या आसपास लांब धरा. मागे-पुढे दहा-दहा मीटर अंतर सोडायचं तर ३५ मीटर कापायचे. तो २० वर, तुम्ही ४५ वर असाल तर पाच-साडेपाच सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ७० मीटर जाता आणि समोरून ७०च्या वेगानं येणारी जीप शंभरावर मीटर पुढं आलेली असते. म्हणजे समोर किमान अडीचशे मीटर रस्ता स्वच्छ दिसत नसेल तर मागेच राहायचं. मागे राहताना ट्रॉलीला चिकटायचं नाही, तीन सेकंदांचं अंतर सोडायचं. जवळ गेलं की समोरचं काही दिसत नाही, शिवाय वरून मोळी घसरली तर ती थेट अंगावर.

ओव्हरटेक करण्याआधी उजव्या हाताला शेतात उतरणारी पाणंद किंवा उसाच्या वजनकाट्याकडे जाणारा फाटा आहे का बघा. ट्रॅक्टरचा इंडिकेटर ट्रॉलीमुळे दिसत नाही, आणि चालकाला मोठ्यानं लावलेल्या गाण्यात हॉर्न ऐकू येत नाही. असा फाटा असेल तर तो मागे पडेपर्यंत थांबा. बैलगाडीला हॉर्न लांबूनच द्यायचा. बैलांच्या कानाशी वाजवला तर बैल बुजतात आणि गाडी आडवी होते. रस्त्यावर पडलेल्या उसावरून जाणं टळत नसेल तर गाडी सरळ, हँडल सरळ, ब्रेक न लावता. फुटलेल्या कांड्यावर चाक घसरतं ते बहुतेक वेळा ऐनवेळी लावलेल्या ब्रेकमुळे.

ट्रक किंवा एसटी डावीकडे वळत असेल तर तिच्या डाव्या कुशीत स्कूटर घालू नये. मागची चाकं पुढच्यांपेक्षा आत कापत वळतात आणि चालक उजवीकडे बसलेला असतो. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरमुळे वरचा आणि खालचा रस्ता आधीच निवडावा लागतो. फलक लांबूनच वाचायचा. चुकीच्या तोंडात शिरलात तर तसंच पुढं जाऊन वळून या, भुयारी रस्त्यात उलटं फिरायचं नाही.

पक्क्या लायसन्सच्या चाचणीत दुचाकीला आठचा आकडा असतो. पाय जमिनीला टेकू नये. नजर पुढच्या चाकावर असेल तर गाडी डुचमळते. जिथं जायचं तिथं, वळणाच्या पुढच्या टोकाकडे बघायचं. थ्रॉटल अगदी थोडा आणि एकसारखा, वेग डाव्या ब्रेकच्या हलक्या दाबानं आवरायचा. मुली घाबरून थ्रॉटल सोडतात, क्लच सुटतो, गाडी एकदम मंदावते आणि पाय खाली जातो. कारमध्ये बसल्यावर आसन, आरसे, पट्टा आणि न्यूट्रल बघून मगच सेल्फ मारायचा. चढावर हँडब्रेक ओढलेला ठेवून हाफ क्लचवर (क्लच अर्धवट सोडून) इंजिनचा आवाज दबेपर्यंत थांबायचं, मग हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे सरकत असेल तर घाई इथं झालेली असते. रिव्हर्स घेताना फक्त आरशावर विसंबू नका, मान वळवून मागे बघा. प्रत्येक वळणाआधी इंडिकेटर, ट्रॅकवर दुसरं कुणी नसलं तरी. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, तीनदा झालं तर ६० दिवस थांबावं लागतं. तोवर लर्निंगचे सहा महिने संपले तर लर्निंगच पुन्हा काढावं लागतं, म्हणून पहिली तारीख तिसऱ्या महिन्याच्या आत घ्या.

अपघात झालाच तर काय, हा परीक्षेतला प्रश्न आहे आणि रस्त्यावरचाही. थांबायचं, जखमीला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था करायची, पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवायचं, विमा कंपनीलाही कळवायचं. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. आपण नुसते मदतीला धावलेले असू तर नाव सांगण्याची सक्ती नाही, २०१९च्या दुरुस्तीनं कायद्यानंच तसं संरक्षण दिलंय. आरसी (नोंदणीपत्र), विमा, पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र) आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये ठेवलं तर चालतं. त्यांचा गॅलरीतला फोटो मात्र ग्राह्य नाही.

धाकट्याचं आता. सोळा पूर्ण झालेल्याला लर्निंग मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या गिअर नसलेल्या दुचाकीसाठी. घरातली ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. त्या लायसन्सवर त्यानं ती चालवली म्हणजे लायसन्सशिवायच चालवली. त्यात काही घडलं तर कलम १९९अ लागतं: पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. समोरच्याला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करायला बघते, ते वेगळंच. ५० सीसीच्या आतली पेट्रोलची गाडी आज शोरूमला सहसा मिळत नाही, त्यामुळे त्याचं लर्निंग आत्ता काढण्यात काही अर्थ नाही. अठरा होईपर्यंत एसटीचा पास काढून द्या, आणि स्कूटरची दुसरी किल्ली कुठं असते ते एकदा तपासा.